प्लगचा नंबर आणि मराठवाड्याचं ऊन

वाहन-सल्ला : वाचकांचे प्रश्न, अंबाजोगाईच्या मिस्त्रीकाकांची उत्तरं

प्रश्न : मिस्त्रीकाका, सप्रेम नमस्कार. मी उदगीरला माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. माझे थोरले काका डॉक्टर आहेत. इंग्लंडमधली नोकरी संपवून ते १९९६ मध्ये परत आले, तेव्हा तिकडची त्यांची माझदा एमएक्स-५ सोबत घेऊन आले. १९९१ चं मॉडेल, १६०० सीसी, लाल रंग, दोनच सीट, वरचं कापडी छत हाताने मागे टाकता येतं. काका आता ७८ वर्षांचे आहेत. गुडघ्यांमुळे त्यांना गाडी चालवता येत नाही, म्हणून मी चालवतो आणि ते शेजारी बसतात. वर्षाला फार तर दोन-अडीच हजार किलोमीटर होतात.

यंदाच्या पावसाळ्यापासून गाडी मिसिंग करायला लागली आहे. उभ्या जागी इंजिन एकसारखं चालतं. पण चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये चाळीस-पन्नासच्या वेगात असताना ॲक्सिलरेटर दाबला की झटके बसतात. ओलसर सकाळी जास्तच. लातूरच्या एका गॅरेजने प्लग (इंजिनात ठिणगी पाडून पेट्रोल पेटवणारे) आणि प्लगच्या वायरी बदलायला सांगितल्या. गोंधळ तिथून सुरू झाला. एक दुकानदार म्हणाला, आपल्याकडचं ऊन बघता आठ नंबरचा थंड, रेसिंगचा प्लग घ्या. पुण्याचा मित्र म्हणतो, इरिडियम या महाग धातूच्या टोकाचाच टाक. तिसऱ्याने बॉशचा आठ नंबरचा प्लग दाखवला आणि तो गरम आहे म्हणाला. एकाचा आठ थंड, दुसऱ्याचा आठ गरम, हे कसं? वायरींसाठी एक जण लाल रंगाच्या, दहा मिलिमीटर जाड, आत अख्खी तांब्याची तार असलेल्या सुचवतो आहे. त्यातून करंट जास्त जातो म्हणे. काढलेल्या प्लगवर एनजीके बीकेआर५ई-११ असं छापलं आहे. दुसऱ्या सिलिंडरच्या प्लगवरची रबरी टोपी तेलाने माखलेली निघाली. काय घेऊ?
– एक शिक्षक, उदगीर

उत्तर : सर, आधी काकांना माझा नमस्कार सांगा. परमुलखातून आणलेली गाडी इतकी वर्षं चालती ठेवणं सोपं नाही, आणि ती विकून मोकळं न होणं त्याहून अवघड.

अंबाजोगाईला मेडिकल कॉलेज असल्यामुळे डॉक्टर मंडळींच्या तऱ्हेतऱ्हेच्या गाड्या माझ्या शेडमध्ये येऊन गेल्या. त्यांत एक हिरवी एमएक्स-५ होती, तुमच्याच गाडीची बहीण. तीन महिने ती माझ्याकडे राहिली, त्यामुळे या इंजिनाची ठेवण मला ठाऊक आहे. माझदाने ही गाडी १९८९ मध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आणली आणि तिचं पहिलं इंजिन तुमच्या गाडीत आहे तेच १६०० चं. दोन कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे), चार सिलिंडर, आणि दोन कॅमच्या मधल्या खोलगट विहिरींत बसवलेले प्लग.

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट कोणती सांगू? उभ्या जागी ठीक चालते, ओझं पडलं की झटके मारते. निम्मं निदान त्यातच झालं. जड गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोल जास्त भरतं, दाब वाढतो, आणि तेवढ्या दाबात प्लगच्या टोकाच्या दोन दांड्यांमधल्या फटीतून उडी मारायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. ते व्होल्टेज वीस-पंचवीस हजारांच्या घरात जातं. वायरीचं रबर कुठे चिरलेलं असेल, टोपी तेलाने फुगलेली असेल, तर करंट प्लगच्या फटीतून जाण्याऐवजी तिथून हेडवर, म्हणजे सिलिंडरांवरच्या धातूच्या भागावर उतरतो. ओल असली की त्याला वाट आणखी सोपी. म्हणून तुमची सकाळ वाईट जाते आणि दुपार बरी जाते.

खात्री करायची तर रात्री जेवणं झाल्यावर गाडी अंधारात उभी करा, इंजिन चालू ठेवा आणि बोनेट उघडा. फुलझाडांवर मारतात तसल्या बाटलीने वायरींच्या आसपास पाण्याचा बारीक फवारा मारा. धुकं पडावं इतकंच, धार नको. वायर गेलेली असेल तर निळसर ठिणग्या नाचताना डोळ्यांनी दिसतील. हात लावायचा नाही, पट्ट्यापासून आणि पंख्यापासून शर्टाची बाही लांब ठेवायची. काकांच्या छातीत पेसमेकर असेल तर त्यांना घरातच बसवा.

आता ते तेल. प्लग-वायरींच्या आधी हे काम करा. दोन नंबरच्या विहिरीत तेल उतरतं ते टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग कडक झाल्यामुळे. तसंच ठेवून नव्या वायरी घातल्या तर वर्षभरात त्याही टोपीकडून फुगतील आणि तुम्ही मला पुन्हा पत्र लिहाल. पॅकिंग स्वस्त आहे, काम तासा-दीड तासाचं. कव्हर बसवताना बोल्ट मधून बाहेर अशा क्रमाने, थोडे थोडे, दोन फेऱ्यांत आवळा. एका बाजूने आवळत नेलं की नवं पॅकिंगही गळतं.

प्लगच्या नंबराकडे येऊ. तुमच्या हातात जो प्लग आहे त्याचं नाव अक्षर-अक्षर वाचता येतं आणि वाचायलाच हवं. ‘बीके’ म्हणजे १४ मिलिमीटरचे आटे आणि १६ चा पाना. ‘आर’ म्हणजे आत रेझिस्टर, करंटला विरोध करणारा भाग, आहे. तुमच्या गाडीत कॉम्प्युटर आहे, ठिणगीची गडबड त्यात शिरू नये म्हणून तो हवाच. ‘५’ हा उष्णतेचा आकडा. ‘ई’ म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर. शेवटचं ‘११’ म्हणजे फट १.१ मिलिमीटर. यांतलं ‘ई’ चुकलं तर काय होतं? लांबी कमी पडली तर ठिणगी भोकाच्या आतच पडते आणि उघड्या आट्यांवर काजळी साचते. जास्त झाली तर प्लग थेट पिस्टनवर आपटू शकतो. दुकानात ‘बसतोय ना, मग झालं’ असं कुणी म्हटलं तर पिशवी उचलून बाहेर पडा.

उष्णतेच्या आकड्यावरच तुमचा सगळा गोंधळ आहे आणि त्यात तुमची चूक नाही. एनजीके आणि डेन्सो या जपानी कंपन्यांत आकडा वाढला की प्लग थंड होत जातो. बॉश आणि चॅम्पियन यांच्यात उलटं, आकडा वाढला की गरम. म्हणजे तुमच्या एनजीकेच्या ५ ला बॉशमध्ये जवळचा आहे ८, आणि ६ ला जवळचा ७. डेन्सोत ५ च्या जागी १६ येतो आणि ६ च्या जागी २०. तुम्हाला दोन दुकानांत दोन आठ भेटले. एक तुमच्या प्लगपेक्षा तीन पायऱ्या थंड, दुसरा तुमच्याच प्लगचा भाऊ. नुसत्या आकड्यावर प्लग मागायचा नाही, कंपनीचं नाव आणि पूर्ण नंबर सांगायचा.

थंड आणि गरम म्हणजे तरी काय? प्लगच्या टोकाला चिनीमातीचं नाक असतं. ते आतल्या जाळात तापतं आणि ती उष्णता आट्यांवाटे हेडमध्ये, तिथून पाण्यात जाते. शेतातल्या विहिरीपासून वाफ्यापर्यंतचा पाट आखूड असला की पाणी लगेच पोचतं, लांब असला की रेंगाळतं, तसंच हे. नाक आखूड असेल तर उष्णता लवकर निघून जाते, तो थंड प्लग. नाक लांब असेल तर ती रेंगाळते, तो गरम प्लग. हे नाक साधारण ४५०-५०० अंशांच्या वर राहायला हवं, म्हणजे त्यावरची काजळी आपोआप जळून जाते. ८५० च्या पलीकडे गेलं तर ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेट घेतं आणि पिस्टन भोगतो. सगळा खेळ या दोन आकड्यांच्या मधला.

सर, यात आपल्या उन्हाचा संबंध कुठे आला? सिलिंडरमधला जाळ २००० अंशांच्या पुढचा. थर्मोस्टॅट पाण्याला मेमध्येही ऐंशी-नव्वदच्या आसपास ठेवतो आणि डिसेंबरातही. बाहेर ४३ आहे की १२, याने प्लगच्या नाकाला फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो इंजिनावर किती ओझं आहे याने. तासन्‌तास रेस ट्रॅकवर पळणाऱ्या, टर्बो लावलेल्या इंजिनाला आठ नंबर शोभतो. उदगीरच्या बाजारपेठेतून बैलगाडी आणि ऑटोमागे दुसऱ्या गिअरमध्ये जाणाऱ्या गाडीत तो प्लग कधी पुरेसा तापणारच नाही. महिन्याभरात काळाठिक्कर पडेल आणि गाडी आजच्यापेक्षा जास्त मिसिंग करेल. आपल्याकडचं ऊन रेडिएटरला, बॅटरीला आणि रबराला खातं. त्यांची काळजी जरूर घ्या, पण त्यासाठी प्लगचा नंबर बदलू नका.

कंपनीने या इंजिनाला ५ आणि ६ असे दोन्ही सांगितले आहेत. माझ्या मते तुम्हाला ५ च योग्य. पुढे कधी समृद्धी महामार्गावरून नागपूरपर्यंत एका दमात जाण्याचा नेम झाला आणि वरचेवर होऊ लागला, तर ६ चा विचार करा.

इरिडियमबद्दल तुमच्या मित्राचं अगदीच चूक नाही. इरिडियमचा वितळबिंदू २४०० अंशांच्या वर, निकेलचा १४५५, म्हणून इरिडियमची मधली दांडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास बारीक ठेवता येते. साध्या प्लगची अडीच मिलिमीटर असते. बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजमध्ये उडते आणि प्लग टिकतोही जास्त. पण टिकण्याचा फायदा वर्षाला वीस हजार किलोमीटर पळणाऱ्याला. तुमचे अडीच हजार. साधा निकेलचा प्लगही तुम्हाला कित्येक वर्षं पुरेल, आणि दर दोन वर्षांनी काढून बघायला हात आखडणार नाही. जास्तीचे पैसे वायरींत घाला.

तरीही इरिडियम घ्यायचाच असेल तर तुमच्या गाडीची एक खोड लक्षात ठेवा. तुम्ही विज्ञानाचे शिक्षक आहात, तुम्हाला ती आवडेल. या इंजिनाला डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे आळीपाळीने प्रत्येक प्लगला करंट वाटणारा भाग, नाही. मागच्या बाजूला ठिणगीचं व्होल्टेज तयार करणाऱ्या दोन कॉइल आहेत. एक कॉइल पहिला आणि चौथा सिलिंडर सांभाळते, दुसरी दुसरा आणि तिसरा. दोन्ही सिलिंडरांत ठिणगी एकाच वेळी पडते. एकात ती मिश्रण पेटवते, दुसऱ्यात तेव्हा धूर बाहेर चाललेला असतो, तिथे ती वायाच जाते. पण सर्किट पूर्ण व्हायचं तर एका प्लगमध्ये करंट मधल्या दांडीकडून वरच्या वाकड्या दांडीकडे जातो आणि दुसऱ्यात उलटा. म्हणून दोन प्लगची मधली दांडी जास्त झिजते आणि दोन प्लगची वरची. जुने चारही प्लग क्रमाने ओळीत मांडा, भिंग घेऊन बघा, वर्गातल्या पोरांनाही दाखवा. त्यामुळे इरिडियमचा असा प्लग बघा की ज्याच्या वाकड्या दांडीलाही प्लॅटिनमचा ठिपका आहे. नुसत्या मधल्या टोकाला महाग धातू असलेला प्लग या गाडीत अर्धाच फायदा देतो.

भिंग हातात आहे तोवर आणखी एक बघा. पांढरी चिनीमाती जिथे लोखंडात शिरते तिथे तपकिरी वलय दिसलं तर घाबरू नका. हवेतल्या तेलाचे कण विजेच्या दाबाने तिथे करपतात, त्याचा तो डाग. प्लग गळत नाही. पण चिनीमातीवर वरून खाली उभी, पेन्सिलीने ओढल्यासारखी केसाएवढी काळी रेघ दिसली, तर करंट तिथून बाहेरून पळाला आहे. मग प्लग बदलायचा आणि त्यावरची टोपीही. टोपीच्या आतल्या बाजूला अशीच जुळी रेघ सापडेल. एकच बदललं तर जुनी रेघ नव्याला खराब करते.

वायरींबाबत माझं मत ठाम आहे. तांब्याच्या अख्ख्या तारेची वायर या गाडीत घालायची नाही. करंट जास्त जातो हे म्हणणं ऐकायला बरं वाटतं, पण ठिणगीचा जोर कॉइल ठरवते. अख्खी तार ठिणगीगणिक रेडिओलहरी फेकते. आकाशवाणी परभणी लावून ॲक्सिलरेटर दिला की स्पीकरमध्ये इंजिनाबरोबर चढत जाणारी करकर ऐकू येईल. रेडिओचं सोडा, तीच गडबड गाडीच्या कॉम्प्युटरच्या सेन्सरांत शिरते आणि मग नसलेले दोष शोधत आपण फिरत बसतो. दहा मिलिमीटर जाडीनेही ताकद वाढत नाही. जाडी रबराची असते, आतली वाट तीच. उलट जाड वायर मूळ क्लिपांत बसत नाही, लोंबते आणि गरम भागाला घासते. सात किंवा आठ मिलिमीटर भरपूर झाले.

दोन प्रकार चालतील. एक मूळ पद्धतीची कार्बनच्या गाभ्याची, दुसरी बारीक तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेल्या गाभ्याची. दोन्हींत मुद्दाम विरोध ठेवलेला असतो. दुसरी जास्त टिकते आणि वाकवल्याने आतून तुटत नाही. मिळाली तर तीच घ्या, वरचं आवरण सिलिकॉनचं. लाल-निळा रंग तुमच्या आवडीचा. जुन्या वायरींचा विरोध मल्टिमीटरने मोजा. लांब वायरीचा आकडा जास्त आणि आखूडीचा कमी असणारच, पण एखादी तिच्या लांबीच्या मानाने फारच वर गेली, किंवा मोजताना हाताने वाकवल्यावर काटा उड्या मारायला लागला, तर तीच चोर.

बीकेआर५ई-११ तुम्हाला लातूरला, कदाचित उदगीरलाही मिळून जाईल, कारण या मापाचे प्लग आपल्याकडच्या बऱ्याच जपानी-कोरियन गाड्यांत चालतात. वायरी मात्र बाहेरून मागवाव्या लागतील. मागवताना नुसतं ‘एमएक्स-५’ सांगू नका. साल १९९१, इंजिन १६०० आणि चेसिस नंबर कळवा. पुढच्या मॉडेलांत बदल झालेत. चार वायरी चार लांबींच्या येतात, सगळ्यात लांब रेडिएटरकडच्या पहिल्या सिलिंडरला. एकेक काढून एकेक बसवा, म्हणजे अदलाबदलीचा प्रश्नच नको. काढताना वायर ओढू नका; टोपी धरून आधी थोडी पिळा, मग वर खेचा. नवी टोपी बसवताना आत सिलिकॉनचं ग्रीस हरभऱ्याच्या दाण्याएवढं लावा. बेअरिंगचं ग्रीस रबर खातं, ते नको. टोपी पूर्ण बसली की बोटाला ‘टक्’ असं जाणवतं. ते जाणवेपर्यंत सोडू नका.

आता प्लग बसवण्याबद्दल, आणि इथे मला माझी चूक सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९८८ साली मी उस्तादांकडे हाताखाली होतो. बँकेतल्या एका साहेबांची मारुती ८०० आली. त्यांना घाई होती. इंजिन चटके देत होतं, मी तसाच प्लग काढायला घेतला. निघेना म्हणून पान्याला हातभर पाइप लावला. प्लग निघाला, पण त्याच्या आट्यांभोवती चांदीच्या तारेसारखं काहीतरी वेटोळं होतं. ते हेडचे आटे होते, ॲल्युमिनियमचे. उस्ताद मला रागावले नाहीत. त्यांनी तो प्लग माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, ‘नीट बघून घे.’ हेड उतरवून औरंगाबादला न्यावं लागलं, नवे आटे बसवून आणावे लागले. साहेबांची गाडी नऊ दिवस उभी राहिली आणि त्या नऊ दिवसांत त्यांच्या आईला दवाखान्यात भाड्याच्या जीपने न्यावं लागलं. तो प्लग आजही माझ्या शेडमध्ये खिळ्याला टांगलेला आहे. नवं पोरगं कामाला आलं की पहिल्या दिवशी मी तोच त्याच्या हातात देतो.

तुमच्या गाडीचंही हेड ॲल्युमिनियमचं आहे. म्हणून इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, सकाळी चालू करायच्या आधी काम करा. प्लग काढण्यापूर्वी विहिरीत हवा मारा. आपल्या काळ्या मातीची धूळ तिथे साचलेली असते, ती सिलिंडरमध्ये पडायला नको. प्लग सैल होऊन कुरकुरायला लागला तर दोन थेंब गंज सोडवणारं तेल सोडा, थोडं थांबा, पुढे-मागे करत काढा. नवा प्लग बसवताना पेट्रोल पाइपचा वीतभर तुकडा त्याच्या डोक्यावर घट्ट बसवा आणि तो तुकडा बोटांनी फिरवत प्लग आत न्या. आटे तिरके धरले असतील तर पाइप जागीच घसरतो आणि हेड वाचतं. पान्याने हा इशारा कधीच मिळत नाही. हाताने तळाला टेकला की मग पाना लावून अर्धा वळसा. आवळायचा जोर दाखवणारा टॉर्क पाना असेल तर १५ ते २३ न्यूटन मीटर. आट्यांना ग्रीस-तेल काही लावू नका. नव्या प्लगवर मुलामा असतो, आणि ग्रीस लावलं की टॉर्क पान्याने ‘झालं’ म्हणेपर्यंत आटे जास्त ताणले गेलेले असतात. प्लग बसवण्यापूर्वी त्याची फट फिलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. डबा कुठेतरी आपटलेला असतो.

कॉइल मागे, फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) चिकटून आहे, तिथे हात पोचायला त्रास होतो. बोटं सोलवटतील. जुना टॉवेल अंथरा आणि घाई करू नका. काम झाल्यावर उदगीरहून लातूरपर्यंत काकांना शेजारी बसवून जाऊन या, आणि चढावर मुद्दाम पाचव्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर देऊन बघा. काढलेल्या चारही प्लगचे फोटो क्रमाने मला पाठवा. दोन नंबरचा कसा दिसतो ते मला बघायचं आहे.

प्रश्न : काका, माझी स्वतःची टॅक्सी आहे, बीडहून संभाजीनगर आणि पुण्याच्या फेऱ्या मी स्वतः चालवते. मागच्या महिन्यात बदललेले प्लग दोन हजार किलोमीटरमध्येच गेले. मेकॅनिक म्हणतो, डुप्लिकेट होते. डबा तर हुबेहूब कंपनीचा होता. ओळखायचं कसं?
– एक वाचक, बीड

उत्तर : ताई, तुमच्या मेकॅनिकचं बरोबर असावं. मीही यात एकदा फसलो आहे. २००९ मध्ये एका दुकानातून दहा प्लग घेतले, नेहमीच्या भावापेक्षा बरेच स्वस्त. त्यांतले चार एका गृहस्थांच्या गाडीत घातले आणि ते बायको-मुलांसह रात्री साडेअकराला परळीच्या घाटात अडकले. एका प्लगच्या चिनीमातीचा टवका उडाला होता. तो सिलिंडरमध्ये पडला नाही, हे नशीब. मी त्यांना घ्यायला गेलो तेव्हा लहान मुलगी मागच्या सीटवर रडत होती. तेव्हापासून मी प्रत्येक प्लग दुकानातच उघडून बघतो, दुकानदाराला राग आला तरी चालेल.

तुम्हीही असंच करा. आधी वायसर बघा, म्हणजे आट्यांच्या वरची ती गोल कडी. अस्सल प्लगची कडी फिरते पण सहज निघून येत नाही. नकलीची बोटाने ओढली की हातात येते. मग चिनीमातीवरची छपाई. कापडाच्या कोपऱ्याला पेट्रोल लावून घासा, अस्सल अक्षरं जागची हलत नाहीत. आट्यांवरून नख फिरवा, गुळगुळीत लागले पाहिजेत. शेवटी चारही प्लग उभे धरून समोरून बघा. वाकडी दांडी मधल्या दांडीच्या बरोबर डोक्यावर आहे का, आणि चौघांची फट सारखी दिसते का? एकाच डब्यातल्या चार प्लगमध्ये चार फटी दिसल्या तर ते कारखान्यातून आलेले नाहीत. पक्कं बिल मागा. बिल द्यायला कचरणाऱ्या दुकानातून प्लग घेऊ नका, तुमचं पोट त्या गाडीवर आहे. आणि जुने गेलेले प्लग फेकून देण्याआधी मधोमध वाकवून, आटे हातोडीने ठेचून टाका. तेच गोळा होतात, घासून चकचकीत होतात आणि नव्या डब्यात बसून परत येतात.

प्रश्न : माझी वॅगन आर सीएनजीवर चालते. पेट्रोलवर गाडी मस्त, सीएनजीवर टाकली की चढाला मिसिंग करते. किट खराब झालं का?
– एक तरुण वाचक, हिंगोली

उत्तर : किट उघडण्याआधी प्लग उघड, बाळा. सीएनजीचं मिश्रण पेटवायला ठिणगीला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. प्लग झिजून फट वाढली असेल, किंवा कॉइलची रबरी टोपी आतून चिरली असेल, तर ते आधी सीएनजीवर कळतं आणि पेट्रोलवर बरेच दिवस लपून राहतं. पुस्तिकेत सीएनजीच्या मॉडेलला जो प्लग आणि जी फट दिली आहे तीच ठेव, आणि पेट्रोलवाल्या गाडीपेक्षा लवकर बदल. टोपीच्या आत टॉर्च मारून काळी रेघ शोध. तिथे काही सापडलं नाही तर एअर फिल्टर बघ. कापूस वेचणीच्या दिवसांत तो किती भरतो ते तुला माहीत आहे. एवढं करूनही चढाला झटके राहिले, तरच किटवाल्याकडे जा.